आगासलीम मास्तरांचे सोमवार

आगासलीम मास्तरांना पोलिसाने बसायला खुर्ची आणून दिली हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

अकरा वर्षं झाली, मास्तर दर सोमवारी आमच्या वस्तीतून बस पकडून शहरात जातात आणि दहाच्या ठोक्याला एका परदेशी वकिलातीच्या फाटकासमोर उभे राहतात. हातात एक कागद असतो. तो फाटकातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आत टाकतात, टोपी नीट करतात, अर्धा तास उभे राहतात आणि परत येतात. घोषणा नाही, फलक नाही. पहिली काही वर्षं तिथला पोलीस त्यांना हाकलायचा. दोनदा चौकीत नेऊन बसवलं. एकदा ढकलाढकलीत टोपी गटारात गेली, तर मास्तरांनी त्या पोलिसाला टोपीचं अनेकवचन विचारलं होतं म्हणे. आणि आता गेल्या महिन्यात त्याच फाटकावर पोलीस खुर्ची घेऊन आला. वर चहा.

"फिरुजा," मास्तर खुशीत सांगत होते, "माणसाला माझं वय दिसायला लागलं बघ शेवटी."

"वय नाही दिसलं मास्तर," मी म्हटलं, "वरून फोन आला असेल."

"तू भूगोल शिकवतेस ना? मग नकाशात बघ. माणसाच्या मनात कशाला बघतेस?"

हसून सोडून दिलं त्यांनी. पण मला कळलं होतं. आमच्या सरकारचं आणि परदेशी लोकांचं सध्या बिनसलंय. त्यांच्या कुठल्याशा सभेत आमच्याकडच्या तुरुंगांबद्दल काही बोललं गेलं आणि तेव्हापासून आमच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी त्यांचा उद्धार चालू आहे. अशा वेळी त्यांच्या दारात उभा राहणारा, पांढऱ्या केसांचा, इस्त्रीचा कोट घातलेला एक निवृत्त शिक्षक म्हणजे सोन्यासारखा माणूस. उद्या सकाळी नऊ वाजता टीव्हीवाल्यांची गाडी मास्तरांना न्यायला येणार आहे. मास्तर जाणार आहेत. आणि ती गाडी घेऊन येणार आहे माझीच मुलगी, नुराना.

नुराना झोपली आहे. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे, कारण मास्तर कोण आहेत हे उद्याच्या कार्यक्रमात कोणी सांगणार नाही. ते दहा मिनिटांचे मास्तर असतील. मला त्रेचाळीस वर्षांतले बहुतेक सगळे माहीत आहेत.

आमची वस्ती शहराबाहेर, समुद्राच्या बाजूला. घरांच्या मधेमधे तेलाचे जुने पंप अजून माना हलवत असतात. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना कायम रॉकेलसारखा वास. मास्तर इथेच जन्मले, वडील तेलविहिरीवर फिटर. रशियन अमलात, जेव्हा आमच्या वस्तीतल्या कोणी जिवंत इंग्रज पाहिला नव्हता, तेव्हा या फिटरच्या मुलाने इंग्रजी शिकायचं ठरवलं. का, तर घरातल्या रेडिओवर रात्री खरखरत ती भाषा यायची आणि ऐकायला मनाई होती. ते गोधडीत रेडिओ गुंडाळून, आत डोकं घालून ऐकायचे. उन्हाळ्यात घामाने न्हाऊन बाहेर यायचे. त्यांच्या आईला वाटायचं पोराला छातीचं काही दुखणं आहे, ती बदकाची चरबी चोळायची.

मी पाचवीत असताना ते आम्हाला शिकवायला आले. कोटाच्या खिशात खडू, कागदात गुंडाळलेला, म्हणजे खिसा पांढरा व्हायला नको. विजार रोज रात्री गादीखाली घालून इस्त्री. लाल शाईचं पेन. त्यांची एक पद्धत होती. वहीत चूक सापडली की ती नुसती खोडायची नाही. आपली चूक आपण उभं राहून मोठ्याने वाचायची, मग ती अशी का लिहिली ते सांगायचं, मग मास्तर शाई लावणार. "चूक करणाऱ्याला कारण असतं," ते म्हणायचे. "ते कारण कळल्याशिवाय मी लाल करत नाही. मी शिक्षक आहे, रंगारी नाही." वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ पोरालाही त्या तासाची भीती वाटायची नाही, कारण मास्तर कारण ऐकून कधीकधी म्हणायचे, "अरे वा, ही चूक तर माझ्यापेक्षा हुशार आहे."

माझं लग्न झालं, नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हा नुराना दोन वर्षांची होती. वस्तीतल्या बायका माझ्याकडे बघून चुकचुकायच्या. मास्तर आणि त्यांची बायको सकीना मावशी दर शुक्रवारी यायचे. मावशींच्या हातात पानात गुंडाळलेल्या खिम्याचं भांडं, मास्तरांच्या हातात गरम पाव. नवऱ्याचं नाव दोघांनी कधी काढलं नाही. मास्तर नुरानाला मांडीवर घेऊन इंग्रजीत बोकडाची गोष्ट सांगायचे. तिला एक अक्षर कळत नसे, पण बोकडाचा आवाज आला की ती टाळ्या पिटायची.

माझ्या लग्नाआधीच रशियन गेले होते, आमचा झेंडा आला होता, आणि मग तेलासाठी परदेशी आले. मास्तरांना झालेला तो आनंद मला अजून आठवतो. जन्मभर गोधडीत ऐकलेली माणसं आता बाजारात डाळिंबं विकत घेत होती! मास्तर मुद्दाम डाळिंबांच्या दुकानाशी जाऊन उभे राहायचे. कोणी परदेशी भाव विचारायला लागला की मधे पडायचे, आणि दुकानदाराला आमच्या भाषेत दटावायचे, "लाज धर, तीन पट सांगतोस?" दुकानदार म्हणायचा, "मास्तर, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?" मास्तर म्हणायचे, "मी डाळिंबाच्या बाजूचा."

त्यांना खरंच वाटत होतं, की ही माणसं नुसतं तेल न्यायला आलेली नाहीत. रेडिओवर ज्या गोष्टी ऐकल्या, न्यायालय, वर्तमानपत्र, मत, त्याही यांच्या सामानात असतील, हळूहळू काढतील बाहेर.

मग ती निवडणूक आली. सतरा वर्षांपूर्वीची, शरदातली.

मतदान नेहमी शाळेत होतं आणि मतदानाच्या मंडळावर आम्ही शिक्षक असतो. आमच्याकडे सगळीकडे हे असंच आहे. मुख्याध्यापिका मंडळाची अध्यक्ष, आणि तिला वरून जे सांगितलं असेल ते ती आम्हाला सांगते. आमच्या मुख्याध्यापिका मिनाया बाई. वाईट बाई नव्हत्या. हिवाळ्यात शाळेची शेगडी पेटावी म्हणून स्वतःच्या घरचा कोळसा आणणाऱ्या. पण वरच्या माणसाचा फोन आला की त्या उभ्या राहून बोलायच्या.

त्या वर्षी परदेशी निरीक्षक येणार होते. आमच्या शाळेच्या वाट्याला आले पेंडल नावाचे साहेब, उंच, नाक लाल, सारखे शिंकणारे. आमचा वारा त्यांना सोसत नव्हता. आणि त्यांचे दुभाषे म्हणून आले आगासलीम मास्तर! नवा कोट. सकीना मावशींनी त्या सकाळी त्यांच्या पाठीमागे पाणी शिंपडलं होतं, प्रवासाला जाणाऱ्यामागे शिंपडतात तसं. घर आणि शाळेत दोनशे पावलं अंतर.

दुपारी तीनच्या सुमाराला मिनाया बाई म्हणाल्या, पाहुण्यांनी काही खाल्लं नाही, शिक्षकांच्या खोलीत पान मांडलंय. साहेब म्हणाले, आभार, पण मी पेटीपाशीच थांबतो. तेव्हा मास्तर पुढे झाले. त्यांच्या स्वतःच्या शाळेत आलेला पाहुणा उपाशी जाणार? हे मास्तरांना सोसणारं नव्हतंच. त्यांनी साहेबांचा हात धरला आणि नेलं.

आमच्याकडे पुलाव शेवटी येतो. आधी भाज्या, चीज, मासा, मग कबाब, मग सूप, आणि मग सगळ्यांच्या शेवटी पाहुण्यासमोर हंड्याचं झाकण उघडायचं. केशराचा भात, जर्दाळू, चेस्टनट, तळाची खरपुडी. झाकण उघडायच्या आत पाहुणा उठला, तर त्या घराचं नाक गेलं. साहेब तीनदा उठायला गेले. तिन्ही वेळा मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. "साहेब, पुलाव अजून आला नाही!" पन्नास मिनिटं बसवून ठेवलं.

त्या पन्नास मिनिटांत पेटीपाशी मी होते.

मिनाया बाई स्वयंपाकाच्या बाजूने आल्या. हाताला केशराचा वास. तबक झाकायच्या फडक्यात मतपत्रिकांचा गठ्ठा होता, आधीच शिक्के मारलेला. "टाक, फिरुजा." मी त्यांच्याकडे बघत राहिले. "अगं, बघतेस काय? तुझं पोर पहिलीत आहे ना? मला तुझी नोकरी टिकवायची आहे आणि माझीही. टाक." मी टाकल्या. घाईत चार-चार, पाच-पाच एकत्र घडी घातलेल्या. एकशे साठ असतील. फटीतून जात नव्हत्या, बोटाने ढकलल्या.

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. नुरानाला नाही. सकीना मावशी गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी रात्रभर बसले होते, त्यांनाही नाही.

मोजणीच्या वेळी पेटी उलटी केली तेव्हा त्या घड्या तशाच चार-चारच्या पडल्या. पेंडल साहेबांना दिसलं. त्यांनी मास्तरांना विचारायला सांगितलं, की या पत्रिका एकमेकींत घालून पेटीत कशा आल्या? मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला, पण त्यांनी शब्दन्‌शब्द विचारलं. मिनाया बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुटुंबं एकत्र मत देतात." मास्तरांनी तेही शब्दन्‌शब्द सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

दारात वस्तीतला चांभार बालागार्दाश उभा होता. तो एकटाच पुढे आला. म्हणाला, "मास्तर, साहेबांना सांगा, माझ्या नावापुढे सकाळीच कोणीतरी सही करून गेलंय. मी मत देऊच शकलो नाही. माझं नाव लिहा म्हणावं." मास्तरांनी विचारलं, "नाव लिहू?" तो म्हणाला, "तुम्ही आहात ना मधे? मग लिहा." साहेबांनी त्याचं नाव, पत्ता, सगळं लिहिलं. जाताना मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, मी सगळं लिहिलं आहे, काळजी करू नका.

दोन दिवस मास्तर वस्तीभर सांगत होते. पावाच्या भट्टीवर, सोंगट्यांच्या पटावर, बसथांब्यावर. "त्यांनी लिहिलंय! स्वतःच्या हाताने! मी पाहिलंय!"

तिसऱ्या दिवशी निरीक्षकांचं निवेदन आलं. मतदान शांततेत झालं. काही त्रुटी होत्या. एकंदरीत योग्य दिशेने पाऊल. आणि सर्वत्र मिळालेल्या उबदार आदरातिथ्याबद्दल आभार.

पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो, त्यांचे मंत्री आणि आमचे सर्वांत वरचे साहेब, दोघांच्या डोक्यावर पांढरी शिरस्त्राणं, मागे नवी तेलवाहिनी, दोघेही हसतायत. त्याच आठवड्यात बालागार्दाशला उचललं. खोटी माहिती पसरवली म्हणून पंधरा दिवस. सुटून आला तेव्हा कोपऱ्यावरची त्याची टपरी उखडून नेलेली होती. नंतर तो घरीच जोडे शिवायचा. चार वर्षांपूर्वी गेला. त्याने मास्तरांना एका शब्दाने कधी बोल लावला नाही. उलट मास्तरांच्या बुटांना टाचा लावून द्यायचा आणि म्हणायचा, "सोमवारी फार उभे राहता तुम्ही, टाच झिजते."

कारण निवृत्त झाल्यावर मास्तरांनी सोमवार सुरू केले होते. ते निवेदन त्यांनी हाताने उतरवून काढलं, आणि दर आठवड्याला त्यातलं एक वाक्य लाल शाईने तपासून पेंडल साहेबांच्या देशाच्या वकिलातीत टाकायला लागले. समासात लिहायचं, "शांतता" म्हणजे काय? कोणाची? उदाहरण द्या. निवेदन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पद्धतीप्रमाणे खाली एकच ओळ असायची: कृपया ही चूक मोठ्याने वाचावी आणि कारण सांगावं.

एकदा पेंडल साहेबांचं पत्र आलं होतं. तोवर ते नोकरीतून बाहेर पडले होते. लिहिलं होतं, मी सगळं कळवलं होतं, पण दुर्दैवाने वरच्यांनी ते घेतलं नाही. मास्तरांनी "दुर्दैवाने" खोडून पत्र परत पाठवलं. नंतर मला म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर आहे हं त्याचं."

वस्तीतली तरुण पोरं मास्तरांपेक्षा कडक बोलतात. परदेशी दिसला की थुंकतात. मास्तर त्यांच्यावर ओरडतात. पण एकदा बागेत द्राक्षाच्या मांडवाखाली बसलो असताना मला म्हणाले होते, "फिरुजा, चोर घरात शिरला तर राग येतो, पण त्याचं आश्चर्य वाटत नाही. पण शेजारी येऊन सगळं बघतो, आपल्या घरी जेवतो आणि लिहून जातो, की चोरी फार शिस्तीत झाली. त्याचा राग मरेपर्यंत जात नाही." मग इकडेतिकडे बघून हळूच, "आणि दुसरं असं, की चोराला शिवी दिली तर आत जावं लागतं. शेजाऱ्याला दिली तर कोणी काही म्हणत नाही. एवढी एकच खिडकी उघडी ठेवलीय आपल्याला. सगळी वस्ती तिच्यातूनच ओरडणार ना?"

हे इतकं समजणारा माणूस उद्या टीव्हीवर जातो आहे.

नुराना त्या टीव्हीत तीन वर्षं आहे. हुशार आहे. तिच्या साहेबांच्या कानावर लाल शाईवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट गेली, आणि ती आनंदाने म्हणाली, ते तर माझे मास्तर आजोबा! मला सांगायला आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"आई, अकरा वर्षं ते फटीत कागद टाकतायत. आता सगळा देश ऐकेल."

"काय ऐकेल?"

"त्यांची गोष्ट."

"बालागार्दाशला कोणी आत टाकलं, ते ऐकेल? पेटीत कागद कोणी टाकले, ते?"

ती म्हणाली, "आई, कार्यक्रम त्या लोकांच्या दुटप्पीपणावर आहे. तेवढाच भाग घेतील. पण तेवढा खरा आहे ना? का खोटा आहे?"

"खरा आहे."

"मग?"

या "मग"चं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही. "उशीर झाला, जेवून घे," एवढंच म्हणाले.

आज संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले. त्यांना जाऊ नका म्हणायचं ठरवून गेले होते. ते आरशासमोर टाय बांधत होते, उद्याची तालीम. सकीना मावशी गेल्यापासून टायची गाठ वाकडी येते. मी सोडून पुन्हा बांधली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, म्हणाले, "तू कॅमेरा."

आणि बोलायला लागले. काय सुंदर बोलले. गोधडीतला रेडिओ, डाळिंबं, नवा कोट. मग पुलाव आला. "मी त्याला बसवून ठेवलं. माझ्या या हातांनी. माझी चूक मी आधी वाचतो. मी का बसवलं? कारण पाहुणा होता." मग घड्या घातलेल्या पत्रिका. मग म्हणाले, "त्या कोणी टाकल्या, मला माहीत नाही. बाहेरून आणलेला कोणी पैसे खाल्लेला माणूस असेल. आमच्या शाळेतलं कोणी नव्हतं. आमच्या शाळेतल्या प्रत्येकाला मी ओळखतो, निम्म्यांना मी शिकवलंय."

मी चहा ओतत होते. पेला बशीवर आपटला.

"भाजलं का?"

"नाही मास्तर."

"कसं झालं?"

"फार चांगलं. पण मास्तर, अर्धं कापतील. साहेबाची गोष्ट ठेवतील, पेटीची काढून टाकतील. बालागार्दाशला तर घेणारच नाहीत."

"मग काय उरेल?"

"शिव्या."

ते साखरेचा खडा दातात धरून चहा पीत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मी एकाहत्तरचा आहे. माझे कागद तिथे कोण वाचतं? कचऱ्याची पेटी. उद्या बालागार्दाशची बायको टीव्ही लावून बसणार आहे. तिने शेजारणींना बोलावलंय. तिला वाटतंय मी त्याचं नाव घेईन. मी घेईन. त्यांनी कापलं तर कापलं, माझ्या तोंडून तर निघालं असेल ना?" आणि मग, चेष्टेत, "तू फार काळजी करतेस. लहानपणीही वही देताना मागेपुढे करायचीस. मला वाटायचं, या मुलीने नक्की काहीतरी लपवलंय. आणि असायचं काय, तर एक स्वल्पविराम!"

मी घरी आले.

आता इथे बसून विचार करते आहे, की त्यांना जाऊ नका असं सांगणारी मी कोण? त्यांना जायचं तर त्यांनी जावं. पण त्यांची अर्धी गोष्ट टीव्हीवाले कापणार आहेत म्हणून मी रडते आहे, आणि ती अर्धी गोष्ट सतरा वर्षं मीच कापून ठेवली आहे. उद्या ते सगळ्या देशासमोर छातीवर हात ठेवून म्हणतील, आमच्या शाळेतलं कोणी नव्हतं. हे वाक्य मात्र कोणी कापणार नाही. ते वाक्य सगळ्यांना हवंच आहे. सगळं बाहेरच्यांनी केलं, आमच्या हातांनी काही झालं नाही. आयुष्यात आगासलीम मास्तर एक खोटं वाक्य बोललेले नाहीत, आणि पहिलं बोलतील ते माझ्यावरच्या विश्वासाने.

भीती मला अजूनही आहे, खोटं कशाला लिहू. माझी नोकरी आहे, निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. नुरानाची नोकरी आहे, आणि तिला कळेल तेव्हा ती माझ्याकडे कशी बघेल त्याची भीती तर त्याहून मोठी. शिवाय मास्तर चिडून कॅमेऱ्यासमोर माझं नाव घेतील का? नाही घेणार. ते मला विचारतील, "नाव लिहू?", जसं बालागार्दाशला विचारलं. आणि मला तेव्हाच ठरवावं लागेल. कदाचित ते उद्या जाणारच नाहीत. कदाचित जातील आणि आपल्या सगळ्यांबद्दल बोलतील, आणि मग तो कार्यक्रम कोणीच दाखवणार नाही. बालागार्दाशच्या बायकोला काय सांगायचं ते मग आम्ही दोघं मिळून ठरवू. कदाचित माझ्याशी ते पुन्हा बोलणार नाहीत. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाटतंय, बाकी कशाचं नाही.

पण ऐकतील. आधी कारण विचारतील. माझं पोर पहिलीत होतं, मास्तर. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही.

बाहेर उजाडायला लागलंय. ते पाचला उठतात, द्राक्षांना पाणी घालतात, साडेपाचला आत येऊन चहा टाकतात. फोन त्यांच्या दारामागे भिंतीवर आहे, तिथपर्यंत यायला त्यांना जरा वेळ लागतो, म्हणून मी नेहमी पुष्कळ वेळ वाजू देते. गाडी नऊला येईल. नुराना सातला उठेल. मी वही मिटून ठेवते आणि ती उठायच्या आधी फोन लावते.